टीव्हीवर रक्त चमकताना दाखवतात ते खरं असतं का? डार्क फील्ड मायक्रोस्कोपबद्दल माहिती पाहिजे

केजची_लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न बावळट वाटंल पण विचारते. गावाकडं मंगल कार्यालयात 'जिवंत रक्त तपासणी' असं शिबिर झालं, आमचे अण्णा गेले होते. बोटाला टोचून एक थेंब काचेवर घेतला, वरून बारकी काच ठेवली आणि मायक्रोस्कोपमधून थेट मोठ्या टीव्हीवर दाखवलं. मागं सगळं काळंकुट्ट अन् त्यात पेशी पांढऱ्या चमकायल्यात. अण्णांनी मोबाईलवर शूटिंग करून आणलंय. त्यांना सांगितलं काय तर पेशी एकमेकींना चिकटल्यात म्हणजे रक्तात आम्ल वाढलंय, बारीक ठिपके हलतात ते जंतू, आणि ते धागे धागे दिसतात ती बुरशी. मग पावडरचे डबे दिले, चांगलेच महाग. आता अण्णा शुगरची गोळी बंद करायची म्हणायलेत, मी काही बोलले की "मी डोळ्यानं बघितलंय" एवढंच उत्तर. नेटवर बघितलं तर डार्क फील्ड मायक्रोस्कोप ही खरंच मेडिकलमध्ये वापरतात अशी गोष्ट दिसायली. मग हे खरं का खोटं? आणि खरं असंल तर आपल्या नेहमीच्या लॅबवाले काहून करत नाहीत?

सोयाबीन_४१००
डबा दिला तिथंच उत्तर आलं की ताई.

दुष्काळी_तात्या
आमच्याकडं पण आले होते हे लोक. मला पण बुरशी निघाली. शेजारच्या गुर्जींना पण बुरशी. सरपंचाला पण बुरशी. अख्ख्या गावात एकी फक्त बुरशीची.

काचपट्टी (पॅथॉलॉजी, लातूर)
ताई, आधी महत्त्वाचं. गोळी बंद करू देऊ नका. बाकी वाद नंतर.

आता मायक्रोस्कोपचं. यंत्र खरं आहे, शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. त्यात दाखवलेलं रक्तही अण्णांचंच आहे. खोटा आहे तो त्यावरून काढलेला अर्थ.

साध्या मायक्रोस्कोपमध्ये खालून उजेड सरळ नमुन्यातून वर भिंगात येतो, म्हणून मागचं सगळं उजळ दिसतं. डार्क फील्डमध्ये कंडेन्सरच्या (नमुन्याखाली उजेड गोळा करणारं भिंग) मधोमध आडोसा असतो. सरळ येणारा उजेड अडवला जातो आणि फक्त कडेनं, तिरपा, पोकळ शंकूच्या आकारात उजेड काचेवर पडतो. हा इतका तिरपा असतो की वरच्या भिंगात तो घुसतच नाही, बाजूनं निघून जातो. काचेवर काहीच नसेल तर तुम्हाला नुसता अंधार दिसतो. पण मध्ये एखादी पेशी, जंतू, धुळीचा कण आला की त्याला उजेड धडकून विखुरतो आणि त्यातला थोडा भिंगात शिरतो. म्हणून काळ्यावर चमकणारं चित्र. माळवदाच्या घरात सवण्यातून कवडसा पडला की एरवी न दिसणारी धूळ नाचताना दिसते ना, तेच तत्त्व.

यातली गोम अशी की उजेड विखुरणारं सगळंच चमकतं. जंतू चमकतो, हवेचा बुडबुडा चमकतो, काचेवरचा ओरखडा चमकतो, पुसायच्या कापडाचा तंतू चमकतो. पैकी काय कोण आहे हे ओळखायला डोळा तयार लागतो.

शंकासुर
पॅथॉलॉजीवाले साहेब असंच म्हणणार, त्यांच्या पोटावर पाय येतोय ना. माझ्या मामांना याच तपासणीनंतर फरक पडला, गुडघे दुखायचे थांबले. सगळंच थोतांड म्हणायचं आणि मोकळं व्हायचं हे पटत नाही. डोळ्यानं दिसतंय ते नाकारायचं कसं?

काचपट्टी
नाकारत नाहीच मी. शंकासुर भाऊ, जे दिसतं त्याचं एकेक सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पेशी चिकटलेल्या: लाल पेशींची एकावर एक चळत लागते, त्याला रूलो म्हणतात. खरोखरच्या आजारात दिसते, मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर) असेल, मोठं इन्फेक्शन असेल, रक्तातली प्रथिनं वाढली असतील तर. पण थेंब जिथं जाड असतो तिथं धडधाकट माणसाच्या रक्तातही चळती लागतात. म्हणून आम्ही स्मीअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) बघताना जाड भाग सोडून पातळ भागात बघतो. आणि आम्लाचा त्याच्याशी संबंध नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच शरीर धरून ठेवतं, त्याच्या बराच खाली गेला तर माणूस शिबिरात रांगेत नसतो, आयसीयूत असतो.

हलणारे ठिपके: बहुतेक प्लेटलेट आणि जेवणानंतर रक्तात आलेले चरबीचे कण. शिबिराच्या आधी पोहे, भजी झाली असतील तर जास्तच दिसणार. हे कण आपोआप थरथरतात, पाण्यातला कुठलाही बारीक कण थरथरतो.

धागे: रक्त काचेवर गोठायला लागलं की फायब्रिनचे धागे तयार होतात. ते बाहेर आल्यावर झालेले आहेत. जितका वेळ काच ठेवाल तितके जास्त. आणि काटेरी झालेल्या पेशी दाखवत असतील तर ते कडेनं थेंब वाळायला लागल्याचं लक्षण.

मामांच्या गुडघ्याचं मला माहीत नाही. गुडघा कमीजास्त होतच राहतो.

दुष्काळी_तात्या
म्हणजे माझी बुरशी काचेवरच उगवली म्हणा. उगाच बायकोनं महिनाभर दही बंद केलं माझं.

जुना_टेक्निशियन
खूप दिवसांनी लिहितोय. सरकारी मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीला नोकरी झाली, आता रिटायर आहे. ह्या धाग्यात डार्क ग्राउंडची (डार्क फील्डलाच आम्ही असं म्हणायचो) फक्त बदनामीच चाललीय म्हणून राहवलं नाही.

आमच्या काळात त्वचा व गुप्तरोग ओपीडीतून निरोप यायचा, "पेशंट खाली पाठवतोय, डार्क ग्राउंड लावून ठेवा". म्हणजे गरमीचा, सिफिलिसचा संशय. लिंगावर किंवा योनीच्या तोंडाशी एक न दुखणारी, कडक काठाची जखम. ती सलाईनमधल्या गॉजनं पुसायची, रक्त येऊ द्यायचं नाही, मग कडेनं दाबून जो पाण्यासारखा स्राव येतो तो काचेवर घ्यायचा. लगेच कव्हरस्लिप अन् लगेच बघायचं. वीसेक मिनिटांच्या आत. कारण जंतू जिवंत, हलता दिसला पाहिजे, मेला की ओळखायचं अवघड. म्हणून नमुना कधी वॉर्डबॉयकडून मागवला नाही, पेशंटच लॅबमध्ये बोलवायचो.

आणि तो दिसतो कसा... बारीक, मळसूत्री, वेटोळे अगदी सारख्या अंतरावर, स्वतःभोवती फिरत हळूहळू सरकणार आणि मध्येच कमरेत वाकणार. घाई अजिबात नाही त्याला. इतर मळसूत्री जंतू जाडेभरडे असतात, भराभर पळतात. हा फरक साहेबांनी आम्हाला शेजारी बसवून शिकवला, पुस्तकातून येत नाही ते. तोंडातल्या जखमेचा नमुना तर घ्यायचाच नाही, आपल्या हिरड्यांमध्ये तसेच दिसणारे निरुपद्रवी ट्रेपोनेमा (गरमीच्या जंतूचेच भाऊबंद) असतात, हमखास फसगत.

एमएस्सी_मायक्रो
काका, भारी. यात थोडा इतिहास जोडते. सिफिलिसचा जंतू शाउडिन आणि हॉफमन यांनी १९०५ मध्ये बर्लिनला शोधला. पण हा जंतू इतका बारीक, जाडी ०.२ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी, की साध्या उजेडात जवळजवळ दिसतच नाही, ग्रॅम स्टेन धरत नाही आणि नेहमीच्या माध्यमावर वाढत पण नाही. दुसऱ्याच वर्षी, १९०६ मध्ये, व्हिएन्नात लँडस्टायनर आणि मुखा यांनी तो डार्क फील्डमध्ये बघायची पद्धत आणली. हा लँडस्टायनर म्हणजे रक्तगट शोधणाराच, १९३० चं नोबेल मिळालेला.

आणि शंकासुर दादांच्या "डोळ्यानं दिसतं" वर: डार्क फील्डमध्ये वस्तू आहे एवढं कळतं, ती खरोखर किती जाड आहे ते कळत नाही. उजेडाच्या मायक्रोस्कोपची मर्यादाच साधारण ०.२ मायक्रॉन आहे. त्याच्या खालची वस्तू चमकते म्हणून दिसते, पण तिची जाडी, आतली रचना यातलं काही त्या चमकेत नसतं. झिग्मोंडीनं तर १९०३ च्या सुमारास याच तत्त्वावर अल्ट्रामायक्रोस्कोप करून सोन्याचे नॅनो आकाराचे कण मोजले होते. पुढं १९२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला. पण त्यानं कणांना पावडर विकली नाही.

सोयाबीन_४१००
शेवटची लाईन लई आवडली.

शंकासुर
मग काका, एवढं चांगलं होतं तर बंद का झालं? आता तर सगळे व्हीडीआरएल ही रक्ततपासणीच करतात.

जुना_टेक्निशियन
चांगला प्रश्न विचारलात. एक तर माणूस पाहिजे. शिकलेला डोळा, वेगळा कंडेन्सर, पेशंट समोर, आणि अर्धा तास एकाच काचेवर डोकं घालून बसायची तयारी. व्हीडीआरएल एका वेळी ढीगभर नमुन्यांची होते, गरोदर बायांची तपासणी तिच्यावरच चालते. पण जखम नुकतीच झाली असेल तर रक्तात अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, त्या दिवसांत व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते आणि डार्क ग्राउंड पॉझिटिव्ह. तिथं त्याची किंमत होती. उलट पेशंटनं आधीच मेडिकलवरून कसलंतरी मलम आणून लावलं असेल किंवा गोळ्या खाल्ल्या असतील तर जंतू दिसत नाहीत. म्हणून एकदा दिसला नाही म्हणजे नाही असं आम्ही कधी लिहून दिलं नाही, उद्या परवा परत या म्हणायचो. परत येणारे थोडे. लाजेनं खोटं नाव सांगणारे जास्त. आता पीसीआर आहे, ती चांगलीच.

ढोरांचा_डॉक्टर
सिफिलिसवरून उठा अन् जरा गोठ्यात या. परभणीला व्हेटर्नरी कॉलेजला असताना लेप्टोस्पायरा (हा पण मळसूत्री जंतू) डार्क फील्डमध्ये बघितला होता. टोकं आकड्यासारखी वळलेली आणि काय ती धावपळ! नुसता गरगर फिरतो. म्हशीनं गाभ टाकला की आमच्याकडं आधी ब्रुसेला हा जंतूच डोक्यात येतो, तो असतोच म्हणा, पण लेप्टोनं पण गाभ पडतो. आणि तोच रोग माणसाला होतो. उंदराच्या, जनावराच्या मुतातून पाण्यात, चिखलात जातो अन् पायाच्या भेगेतून अंगात.

गायीचं मूत डार्क फील्डखाली बघून लेप्टो सांगतो म्हणणारा भेटला तर मात्र त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जनावराचं मूत अल्कलाइन असतं म्हणून जंतू त्यात माणसाच्या आम्ल लघवीपेक्षा जरा जास्त टिकतो, तरीपण नुसत्या नजरेवर निदान करता येत नाही.

एमएस्सी_मायक्रो
डॉक्टर साहेबांना अनुमोदन. एका एमएलमध्ये साधारण १०,००० लेप्टोस्पायरा असतील तेव्हा कुठं एका फील्डमध्ये एखादा दिसतो, आणि पेशंटच्या रक्तात एवढे दरवेळी असतातच असं नाही. शिवाय फायब्रिनचा धागा आणि फुटलेल्या लाल पेशीच्या पडद्याचे तुकडे हुबेहूब लेप्टोसारखे हलतात. म्हणजे वर अण्णांच्या व्हिडिओत जे 'बुरशीचे धागे' आहेत त्यांनीच इथं शिकलेल्या माणसांना सुद्धा फसवलंय.

पण लेप्टोमध्ये डार्क फील्ड अजून हद्दपार झालेला नाही, उलट सगळ्यात भरवशाची टेस्टच त्याच्यावर आहे, मॅट म्हणतात तिला. लॅबमध्ये वाढवलेले वेगवेगळ्या जातींचे जिवंत लेप्टोस्पायरा घ्यायचे, त्यात पेशंटचं सीरम दुप्पट दुप्पट पातळ करत टाकायचं, अन् डार्क फील्डखाली बघायचं की अँटीबॉडीमुळं किती जंतूंचे गठ्ठे झाले. निम्मे मोकळे जंतू कमी झाले तिथं थांबायचं, तो टायटर. मग काही दिवसांनी दुसरा नमुना, त्यात चौपट वाढ दिसली तर पक्कं. यासाठी जिवंत जंतूंचा संच वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो, म्हणून ही टेस्ट प्रत्येक गावात होत नाही. आपल्या देशात पोर्ट ब्लेअरचं आयसीएमआरचं केंद्र यासाठी ओळखलं जातं.

कोयता_ते_कॉलेज
ढोरांचे डॉक्टर, एक विचारतो. आमचे आईबाप ऊसतोडीला जायचे, बीडहून सांगली कोल्हापूरकडं. फडात उंदरं इतकी की विचारू नका, हाताला पाचटानं कापलेलं, पाय चिखलात, कोपीपण पाटाच्या कडंलाच. ताप आला, डोळे पिवळे झाले की कावीळ म्हणून गळ्यात माळ. ह्यात लेप्टो असू शकतो का? कोण तपासत होतं का कधी?

ढोरांचा_डॉक्टर
असू शकतो की. ऊस अन् लेप्टो ही जुनी जोडी आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला इंगहॅम म्हणून भाग आहे, तिथं १९३४ च्या सुमारास ऊसतोड कामगारांत हाच रोग पसरला, माणसं मेली. उंदराच्या मुतामुळं होतो हे कळल्यावर कामगारांनी मागणी केली की तोडायच्या आधी ऊस पेटवा, म्हणजे उंदरं जातील अन् पाचट पण जळंल. मालक ऐकंनात, तर संप केले. शेवटी तिकडं जाळून तोडायची पद्धत रुळली. आपल्याकडं जळालेल्या उसाला कारखाना कपात लावतो, तो भाग वेगळा.

कावीळ म्हणून माळ घातलेल्या सगळ्यांना लेप्टो होता असं नाही, हिपॅटायटिस ए अन् ई पण असतो. पण ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, मग पिवळे, लघवी कमी, असं असंल तर डॉक्टरला "फडात काम करतो" हे सांगायलाच पाहिजे. ते ऐकलं की डॉक्टरच्या डोक्यात लेप्टो येतो. औषध साधं आहे, डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन, पण वेळेत.

कोयता_ते_कॉलेज
हे कुणी मुकादमाला सांगितलं असतं तर... असो. माहितीबद्दल आभार.

फोल्डस्कोप_गुर्जी
विषयांतर करतो, माफी. झेडपीच्या शाळेत आहे. साध्या मायक्रोस्कोपवर डार्क फील्ड पोरांना दाखवता येतं, खर्च जवळपास शून्य. कंडेन्सरच्या खाली फिल्टर ठेवायची रिंग असते, त्यात पारदर्शक प्लॅस्टिकवर मधोमध काळ्या कागदाची चकती चिकटवून ठेवायची. चकती केवढी? आयपीस काढून नळीतून खाली बघायचं, वरच्या भिंगात दिसणारा उजेडाचा गोल पूर्ण झाकला जाईल एवढी. १० च्या भिंगाला लहान चकती पुरते, ४० ला मोठी लागते. पोरांनी रांजणाच्या तळाचं पाणी बघितलं. एका पोरीनं विचारलं, "सर, हेच पाणी आपण पितो?" दुसऱ्या दिवशी शाळेचा रांजण घासून चकचकीत.

१०० च्या ऑइल भिंगाला ही युक्ती चालत नाही ना काका?

जुना_टेक्निशियन
नाही चालत गुर्जी. ऑइल भिंग फार रुंद कोनातून उजेड घेतं, त्याचं न्यूमेरिकल अपर्चर १.२५, तुमचा तिरपा उजेड सरळ त्याच्या पोटात जातो अन् काळं राहत नाही. त्याला १.२ च्या वरचा खास ऑइल कंडेन्सर, आणि भिंगात पडदा असलेला लागतो, तो आवळून अपर्चर कमी करायचं. तेल पण दोन ठिकाणी, स्लाइडच्या वर आणि कंडेन्सरच्या डोक्यावर. खालच्या तेलात एक बुडबुडा राहिला की सगळी मेहनत वाया. स्लाइड जाड असली तरी फोकस जुळत नाही. शिबिरात मांडी घालून हे सगळं नीट करत असतील असं मला वाटत नाही, पण पेशींचा चमचमाट दाखवायला नीट करायची गरजच काय?

काचपट्टी
शिबिरावरून सांगतो, याच तत्त्वाचा एक आधुनिक भाऊ आयसीयूत अभ्यासासाठी वापरतात. साइडस्ट्रीम डार्क फील्ड नाव. छोटी नळी, कडेनं हिरवे एलईडी, जिभेखाली धरायची. हिरवा उजेड हिमोग्लोबिन शोषतं, त्यामुळं लाल पेशी गडद दिसतात आणि अगदी बारीक केशवाहिन्यांतून त्या पळताना प्रत्यक्ष बघता येतात. सेप्सिसमध्ये (इन्फेक्शन अंगभर भिनलं की) बीपी मशीनवर चांगलं दिसतं आणि इथं बारीक नळ्यांत रक्त तुंबलेलं असतं. रोजच्या उपचारात अजून आलेलं नाही, संशोधनातच जास्त. पण जिवंत माणसाचं जिवंत रक्त बघायचंच असेल तर हे बघणं आहे.

दुष्काळी_तात्या
जिभेखाली नळी धरली तर आमचे सरपंच पहिल्यांदा गप्प बसतील.

केजची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा अण्णांना वाचून दाखवला. काकांचं सिफिलिसचं सोडून, तेवढं मी गाळलं. पेशी चिकटण्याचं पटलं म्हणाले, पण "मग मला थकवा काहून येतो" यावर अडलेत. शुगरची गोळी चालू ठेवलीय. काचपट्टी डॉक्टर, थकव्यासाठी काय करावं?

काचपट्टी
हा खरा प्रश्न. शिबिरात तेच विचारायला लोक जातात आणि आपण डॉक्टर मंडळी दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून वाटेला लावतो, म्हणून टीव्हीवाल्यांचं फावतं. अण्णांचं वय, शुगर धरून: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी). मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ नक्की बघा, त्या गोळीनं ते कमी होतं. हिमोग्लोबिन कमी निघालं तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो, तेव्हा सोबत उपाशीपोटीची शुगर पण करा. रात्री लघवीला किती वेळा उठतात, झोप होते का, तेही विचारा.

शंकासुर
मामांना विचारलं. पावडरीबरोबर गुडघ्यावर पट्टा बांधायला आणि वजन कमी करायला पण सांगितलं होतं म्हणे. दोन्ही केलं त्यांनी. मी एवढंच सांगतो, बाकी तुम्ही काढा अर्थ.

कोर्टाच्या_पायरीवर
उशिरा आलो. डब्यांचं बिल आहे का ताई? मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादूचे उपाय कायद्यात बसतं, पत्रक असंल तर जपून ठेवा. आणि डबा अन्न म्हणून विकला असेल तर त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी लायसन नंबर पाहिजे.

केजची_लेक
बिल नाही, साध्या कागदावर हिशोब लिहून दिलाय. पत्रक आहे, त्यात शुगर, बीपी, लकवा सगळं लिहिलंय. डब्यावर नंबर आहे, पण मोजला तर ११ अंकी भरला.

कोर्टाच्या_पायरीवर
मग डबा उघडू नका, उघडला असंल तर फेकू नका. डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो, पत्रक, अण्णांच्या मोबाईलमधला तो व्हिडिओ, असं सगळं लावून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी अर्ज द्या. पैसे परत पाहिजे असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात वेगळा अर्ज लागतो, तो हिशोबाचा कागद तिथं कामाला येईल. दोन्हीकडं पोच घ्या, शिक्क्यासहित.